सात रविवारांची सफरचंदं

वहिनी, वैशालीनं तुमच्यासाठी करून आणलेली शिजवलेली सफरचंदं सात रविवार मी खाल्ली. तुम्हाला दिली नाहीत. तिला मात्र सांगत राहिलो, की तुम्ही खाल्लीत आणि तुम्हाला आवडली. तुम्हाला हे नव्यानं सांगण्यात अर्थ नाही, तुम्हाला ते सुरुवातीपासून ठाऊक होतं. पण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की हात हळूच स्वतःच्या चांगुलपणाकडं वळतो. तसं व्हायच्या आत हे लिहून टाकलं.

तुम्ही जाऊन आज चोवीस दिवस झाले. जाण्याआधी तुम्ही मला एकच काम सांगितलं होतं. हे सगळं तुमच्या लेकीला मी माझ्या तोंडानं सांगायचं. मी हो म्हणालो आणि टाळत राहिलो. तुम्ही होता तोवर टाळलं, तुम्ही गेल्यावरही टाळलं. त्या कामाचं शेवटी काय झालं ते तुम्हाला कळवायचं आहे, पण त्याआधी थोडं मागं जातो.

दादाशी लग्न करून तुम्ही शाहूपुरीतल्या आमच्या घरात आलात तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमची आई जाऊन वर्ष झालं होतं. तुम्ही भुदरगडाकडच्या खेड्यातल्या, वय वर्षं एकोणीस, आणि दिराला 'अहो' म्हणायचं एवढं तुम्हाला माहेरून पक्कं शिकवून पाठवलेलं. त्यामुळं नऊ वर्षांच्या मला तुम्ही अहो-जाहो करायचात. "अहो भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, बटण लावा चड्डीचं आन् मग शाळंला जावा." गल्लीतली पोरं मला चिडवायची. मला मात्र त्या 'अहो'चा भारी अभिमान होता. माझ्याशी इतक्या मानानं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

पाच वर्षांनी वैशाली झाली. मी चौदाचा होतो. त्या वयाच्या मुलाला तान्ह्या पुतणीचा हेवा वाटला तर त्यात नवल नाही. नवल हे, की तो हेवा चोपन्नाव्या वर्षी पुन्हा वर आला आणि मी त्याला पथ्यपाणी असं नाव दिलं.

गणपती उठले आणि आठ दिवसांत तुम्हाला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं गेलं, गिळणं अवघड झालं. दादा जाऊन सहा वर्षं झालेली. सुनंदा आमच्या मुलीच्या बाळंतपणाला पुण्यात. वैशालीची गारगोटीला शाळेत नोकरी, तिला रविवारशिवाय सवड नाही. मी उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत माल तपासणीला आहे. साठलेली रजा काढली आणि घरी बसलो. सकाळी तुम्हाला आंघोळ घालायला मालनमावशी यायच्या, बाकी दिवसभर तुम्ही आणि मी.

दवाखान्यातून सोडताना तिथल्या मुलीनं मला घास भरवायची पद्धत शिकवली. पाठ ताठ, हनुवटी खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री, मग पुढचा. सगळं मऊ, लापशीसारखं. मी ते वहीत उतरवून घेतलं. सत्तावीस वर्षं मी ओतीव भाग मापात आहेत का ते बघतोय. मापात नसला की त्यावर लाल रंगाची रेघ ओढायची, मग तो कोणी ओतला, किती कष्टानं ओतला, हे बघायचं नाही. तुमच्या आजारपणात मी तसाच उभा राहिलो. हातात वही, कानावर पेन.

भेटायला येणारं प्रत्येक माणूस सफरचंदं आणत होतं. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला दुसरं काही नेतच नाहीत. तुम्हाला साधी केळ्याची फोड चावता येत नव्हती आणि घरात टोपलीभर सफरचंदं, लाल, गुळगुळीत, प्रत्येकावर चिकटवलेली चिठ्ठी. मालनमावशी म्हणायच्या, "पावणं कमी झालं की दुकान काढा भाऊ. माल तयार हाय." सफरचंदाशिवाय आणखी एक गोष्ट यायची, ताकदीच्या पावडरीचे डबे. त्या पावडरीकडं परत यावं लागेल.

पहिल्या रविवारी वैशाली आली ती स्टीलचा डबा घेऊन. सफरचंदं सोलून, शिजवून, घोटून आणलेली. रंग तपकिरी, वास लवंग-दालचिनीचा. तिनं तुम्हाला स्वतः भरवलं. तिसऱ्या चमच्याला तुम्हाला ठसका लागला आणि मी तिच्या हातातून चमचा काढून घेतला. काढून घेतला म्हणजे जवळजवळ हिसकावला. सोमवारी रक्त तपासलं तर साखर वाढलेली. झालं. ठसका आणि साखर, दोन्हीचा दोष मी त्या डब्यावर टाकला. एवढा रंग आणि एवढी गोडी गुळाशिवाय येत नाही, पोरगीनं आईच्या मायेनं सढळ हातानं गूळ घातला असणार, असा मी निकाल दिला. विचारलं नाही. एका फोनचं काम होतं.

पुढच्या रविवारी ती दुपारी आली तेव्हा म्हणालो, "ठेव. संध्याकाळी मी देतो, नीट बसवून. घास मीच भरवायचा असं सांगितलंय." कोणी सांगितलंय हे तिनं विचारलं नाही. म्हणाली, "बरं काका. तुम्हाला जमतंय ते. माझ्या हातून तेवढं डब्याचंच होतंय बघा."

तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाई आणू नको. पण 'तेवढं डब्याचंच होतंय' म्हणताना तिचा चेहरा असा होता, की माझी जीभ उचलली नाही. ती गेल्यावर मी डबा उघडला. अन्न टाकायचं नाही हे तुम्हीच शिकवलेलं. तेव्हा ओट्याशी उभं राहून, चमच्यानं, मी तो खाल्ला. आणि वहिनी, तो फार चांगला लागला. इतका चांगला, की आपण काय करतोय हे मला खाऊन होईपर्यंत जाणवलं नाही.

मग डबा धुतला. आता रिकामा डबा परत कसा द्यायचा? आपल्या घरातून कुणाचं भांडं रिकामं गेलेलं नाही, निदान चिमूटभर साखर घालून तरी जातं. समोर टोपली होती. त्यातली दोन सफरचंदं डब्यात ठेवली आणि पुढच्या रविवारी तो वैशालीच्या पिशवीत घातला. ती हसली. तिनं त्याचा अर्थ लावला, की आईला आवडलंय, आणखी हवंय. तिनं तीच दोन सफरचंदं शिजवून आणली. पुढचे सहा आठवडे पाहुण्यांची सफरचंदं शाहूपुरीतून गारगोटीला जायची, शिजून शाहूपुरीला यायची आणि माझ्या पोटात संपायची. चांगल्या रीतीमुळं खोटं इतकं बेमालूम होतं, हे मला माहीत नव्हतं.

दर रविवारी ती तुमच्या उशाशी बसून विचारायची, "आई, मागच्या येळचं बरं झालंतं का गं?" तुम्ही तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघायचात आणि मान हलवायचात. हो, बरं झालं. मी स्वतःची समजूत घातली, की झटक्यानं तुमचा गोंधळ उडालाय, तुम्ही कशालाही मान हलवताय. दुसरं काही समजून घेणं मला परवडणारं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात साखर आणखी वर गेली. डबा तर मी कधीचा बंद केला होता. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात काय काय देता? मी अभिमानानं वही पुढं केली. त्यांनी बोट ठेवलं ते पावडरीवर. दिवसातून तीन वेळा, दुधातून, माझ्या हातानं. म्हणाले, "डब्यावर काय लिहिलंय वाचलं नाही का? निम्मी साखरच आहे ती." जो माणूस दिवसाला दोनशे भाग वाचून, मोजून पुढं ढकलतो, त्यानं घरातल्या पावडरीचा डबा फिरवून बघितला नव्हता. पावडर थांबवली, साखर उतरली.

त्या दिवशी वैशालीचा डबा निर्दोष सुटला. मी तुम्हाला तो द्यायला सुरुवात करायला हवी होती. नाही केली. कारण दिला असता आणि तुम्ही तोंड वेडंवाकडं करून म्हणाला असता, की हे काय नवीन, तर? आधीचं सगळं कबूल करावं लागलं असतं. म्हणून आणखी दोन रविवार मी तो खाल्ला. पहिले पाच मी चुकीच्या समजुतीनं खाल्ले असं म्हणता येईल. हे दोन निव्वळ भित्रेपणानं खाल्ले. मला या दोनांचं जास्त लागतं.

आठव्या रविवारी, मी खाल्लेल्या सातव्या डब्यानंतर, संध्याकाळी तुमची उशी नीट करायला वाकलो. तुमचं बोलणं तोवर सुट्या शब्दांवर आलं होतं. पाणी. उठवा. नको. तुम्ही नाक ओढलंत, डावा हात उचलून माझ्या ओठांवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "लवंग."

मी म्हणालो, "दाढ दुखत होती."

तुम्ही डोळे मिटलेत. रात्रभर ते वाक्य जुळवलंत की काय कोण जाणे. सकाळी मालनमावशी तुमची वेणी घालत असताना, एकेक शब्द ठेवत, झटक्यानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य बोललात.

"भाऊजी, दर आइतवारी दाढ दुखती व्हय तुमची?"

मालनमावशींना काही कळलं नाही, पण तुम्ही वाक्य बोललात याच आनंदात त्यांनी कंगवा टाकून टाळ्या वाजवल्या. मी दारात उभा होतो. त्या आनंदात सामील व्हावं की जमिनीत जावं, ते ठरेना. मग तुमच्या ओठाची डावी बाजू हलली आणि तुम्ही हसायला लागलात. तुमचं ते अर्धं हसू. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ठसका, साखर, गूळ, पावडर. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "भूक लागलीया. करा."

"काय करू?"

"सफरचंद."

तुमची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून लावली आणि माझं शिक्षण सुरू झालं. टोपलीतून मी चांगली टणक, चकचकीत सफरचंदं निवडली. तुम्ही मान हलवलीत. तळातलं, सुरकुतलेलं, दाबलं की बोट आत जाणारं काढायला लावलंत. मी म्हणालो, ही टाकून द्यायची आहेत. तुम्ही म्हणालात, "तुम्ही टाकता तीच शिजत्यात." खरं निघालं. पिठूळ झालेलं सफरचंद दहा मिनिटांत विरघळतं, टणक असतं ते शेवटपर्यंत फोडीच्या फोडी राहतं. सोलायला लागलो तर म्हणालात साल जाडी निघतेय, पातळ काढल्यावर म्हणालात आता वेळ लावताय. सालीत सत्त्व असतं असं मी वाचलेलं तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग साली तुम्ही खावा. सवय हाय तुम्हाला माझं खायाची."

चिमूटभर मीठ म्हणालात तेव्हा मी रक्तदाबाच्या भीतीनं वजनकाटा काढला. पोस्टाची पाकिटं मोजायचा तो छोटा. काट्यावर मीठ ठेवलं तर आकडाच हलेना. तुम्ही खुर्चीवरून म्हणालात, "भाऊजी. सफरचंद हाय ते. नटबोल्ट न्हाई."

जाड बुडाचं पातेलं, दोन चमचे पाणी, दोन लवंगा, दालचिनीची काडी, ते मीठ. वर ताट, ताटात पाणी, म्हणजे वाफ आतल्या आत फिरते आणि खाली लागत नाही. आच मंद. मग मी गुळाचा डबा काढला. वाटलं, पावडर बंद झाली, साखर उतरली, आता नखाएवढा घालायला हरकत नसावी.

"गूळ न्हाई," तुम्ही म्हणालात.

"थोडा?"

"त्यात गूळ नसतोच. कधीच नव्हता." मग बराच वेळ दम घेऊन, "टायफॉईड झालंता तुम्हाला. तवा हेच घातलंतं. सफरचंदाला गूळ कशाला?"

पातेल्यावरचं ताट खडखडत होतं आणि मी गुळाचा डबा हातात घेऊन उभा होतो. अकरा वर्षांचा असताना एकवीस दिवस तुम्ही मला वाटीतून जे भरवलंत ते हेच होतं, आणि मी जन्मभर समजत होतो की त्यात गूळ होता. वैशालीनं तुमचाच पदार्थ तुम्हाला परत आणला होता. मी सात वेळा तो खाल्ला, दर वेळी तो इतका जवळचा का लागतो ते मला कळलं नाही, आणि वर त्यात नसलेल्या गुळासाठी तिला दोषी धरलं.

ताट उचललं तेव्हा फोडी विरघळून सोनेरी गोळा झाला होता. तपकिरी रंग नुसत्या मंद आचेचा आणि दालचिनीचा. मी पळीनं घोटलं, निववलं, तुमची पाठ ताठ केली. हनुवटी खाली, अर्धा चमचा. तुम्ही तोंडात घोळवलंत, गिळलंत. मी निकालाची वाट बघत होतो.

"वैशीचं चांगलं असतं," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही कुठं खाल्लंय?"

"पयल्या आइतवारी. तीन चमचे." आणि डावा हात वाटीकडं नेलात, म्हणजे आणखी द्या.

त्यानंतरचे चार आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे लिहिताना संकोच वाटतो पण ते खरं आहे. रोज सकाळी तुम्ही दारातून हुकूम सोडायचात आणि मी शिजवायचो. साजूक तुपाचा थेंब घालायचा की नाही यावर आपला रोज वाद. मी नको म्हणायचो, तुम्ही हवा म्हणायचात, आणि भांडायला पूर्ण वाक्यं लागतात म्हणून तुमचं बोलणं भराभर सुधारलं. दवाखान्यातली ती मुलगी म्हणाली, काय करता हो घरी, फारच प्रगती आहे. मी म्हणालो, भांडतो. तुपाचा वाद शेवटी सुटला नाही.

रविवारी मी वैशालीच्या हातात चमचा दिला. हनुवटी खाली कशी ठेवायची ते दाखवलं आणि बाजूला झालो. चारही रविवार तिनं तुम्हाला स्वतः भरवलं. शेवटच्या रविवारी तुम्ही वाटी बोटानं पुसून चाटलीत आणि ती म्हणाली, "आई, लहान झालीस गं तू." बाजूला होणं इतकं सोपं होतं, वहिनी. मी उगाच सात आठवडे वाट अडवून उभा राहिलो.

पण तुम्ही मला सोडलं नव्हतं. पहिल्या दिवशीच, वाटी संपल्यावर, म्हणाला होतात, "वैशीला सांगा."

"सांगतो."

पहिल्या रविवारी मी म्हणालो, आज ती फार खुशीत आहे. दुसऱ्या रविवारी जावईबापू बरोबर होते. तिसऱ्या रविवारी ती गेल्यावर मी तुमच्याशी वादच घातला. आता खाताय ना तुम्ही तिच्या हातचं? मग जुनं उकरून तिला कशाला दुखवायचं? तुम्ही खिडकीकडं तोंड केलंत. मला वाटलं पटलं. थोड्या वेळानं तिकडं बघतच म्हणालात, "तिला दुखंल म्हणून न्हाई. तुम्हाला लाज वाटंल म्हणून."

मी तुमच्या पायावरची चादर सारखी करायला लागलो.

"मी मान हालवली. सात डाव. पोरीशी खोटं बोलले. कुणासाठी?" मग माझ्याकडं वळलात. "माझं मी देवाला सांगीन. तुमचं तुम्ही निस्तरा."

का हलवलीत मान? एवढं विचारायचं राहून गेलं. माझं मी उत्तर काढलंय. तुम्ही नाही म्हणाला असतात तर त्याच क्षणी लेक आणि दीर समोरासमोर उभे राहिले असते, आणि तुम्हाला मध्ये पडून बोलता येत नव्हतं. म्हणून बोलता येईपर्यंत तुम्ही ते झाकून ठेवलंत. हे बरोबर असेल, नसेलही. तुम्ही असता तर म्हणाला असता, लई विचार करताय भाऊजी, दूध बघा उतू जातंय.

चौथ्या रविवारनंतरच्या गुरुवारी दुसरा झटका आला आणि या वेळी तो तुम्हाला घेऊनच गेला. सकाळचं सफरचंद खाऊन झालं होतं. मी पातेलं घासत होतो.

घरी माणसं जमली. वैशाली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आईला काकांनी लेकरासारखं भरवलं. माझा डबासुद्धा चमच्याचमच्यानं. स्वतःच्या मुलानं केलं नसतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. भावकीतले एक वयस्कर काका मला जवळ घेऊन म्हणाले, दीर असावा तर असा. मी हात जोडून उभा होतो. लोकांना वाटलं दुःखानं बोलवत नाही.

आठ दिवसांनी सुनंदा पुण्याहून सामान आवरून परत आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? पत्ता चुकला तुमचा." मग थोड्या वेळानं तिनंच विषय काढला, दोन महिन्यांनी नातीचं उष्टावण आहे, पहिला घास कशाचा द्यायचा? मी म्हणालो, मी करीन. सफरचंद. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "आधी गारगोटीला जाऊन या. मग बाळाच्या तोंडाजवळ चमचा न्या."

काल शनिवार. मोटारसायकल काढली आणि गेलो. बरोबर काही नेलं नाही. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये हे कळतं मला, पण काही नेलं असतं तर मी त्याच्याआड लपलो असतो.

वैशाली वह्या तपासत बसली होती. "काका? फोन न्हाई, काही न्हाई. काकी बरी आहे ना?"

"बरी आहे. तुला एक सांगायचंय."

आणि मी सुरू झालो. गिळण्याचा त्रास कसा असतो, ठसका किती धोक्याचा, साखर कशी वाढली होती, दवाखान्यात काय शिकवलं होतं. पाच मिनिटं झाली असतील. तिनं लाल पेनाचं टोपण लावलं. "काका, तुम्ही सगळं सांगताय. पण झालं काय, ते सांगत न्हाई."

मग सांगितलं. सात रविवार. ओट्याशी उभं राहून.

"सातच्या सात?"

"हो."

"आणि आई तर मान हलवायची."

"तिला माहीत होतं. पहिल्यापासून."

तिनं हिशेब जुळवावा तसे डोळे बारीक केले. "म्हणजे सफरचंदं तुमच्याकडनंच आली आणि तुमच्याकडंच गेली. मी आपली मधल्या मधी शिजवणारी बाई." ती हसली, पण ते हसू अर्ध्यात मोडलं. "शनिवारी शाळा सुटली की मी कुठं थांबायची न्हाई काका. घरी येऊन पातेल्यापाशी उभी राहायची. वाटायचं, आपण तिथं न्हाई, पण हे तरी तिच्या पोटात जातंय."

ती उठून आत गेली. नळाचं पाणी वाहण्याचा आवाज बराच वेळ येत होता. मी जावं की थांबावं? थांबलो. आली ती दोन कप चहा घेऊन. डोळे धुतलेले.

"राग आलाय मला. आज-उद्यात जायचा न्हाई तो."

"राहू दे."

"पण न सांगता राहिला असता तर मला जन्मात कळलं नसतं, हे पण खरं." तिनं चहाचा घोट घेतला. "आईनं पाठवलं म्हणून आलात?"

"निघताना तसंच वाटत होतं," मी म्हणालो. "वाटेत वाटलं, तिनं पाठवलं नसतं तरी यायला लागलं असतं. तू माझ्याबद्दल चांगलं बोललीस त्या दिवसापासून मला घरात नीट बसता येत नाही."

तिनं तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा सारखा केला. मग म्हणाली, "नातीच्या उष्टावणाला मी येणार आहे. काकीचा फोन आलेला. शिजवायला पण मीच उभी राहणार. तुम्ही बाजूला बसायचं."

"बसतो."

"आणि काका, अजून एक राहिलंय. तुम्ही झालेलं सांगितलं. का झालं ते सांगितलं. त्या कारणांचा मला काही उपयोग न्हाई, तसली कारणं पोरं मला रोज सांगतात, गृहपाठ का केला न्हाई त्याची. पोरं कारण सांगतात आणि थांबतात. पुढचं वाक्य येतच न्हाई."

कोणतं वाक्य ते मला कळलं. वहिनी, चोपन्न वर्षांत मी ते कुणालाच म्हटलेलं नाही. दादाला नाही, सुनंदाला नाही, तुम्हालाही नाही. फौंड्रीत मी चुका दाखवतो, तिथं लागत नाही. घरात तुम्ही सगळ्या बायका न मागताच सोडून देत आलात. मी कप खाली ठेवला. ती माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, तिला मी खांद्यावर घेऊन रंकाळा दाखवलाय. हात जोडावेत का, ते सुचेना. ती समोर बसून वाट बघत होती, पोरांची बघत असेल तशीच, घाई न करता.

मी म्हणालो, "वैशाली, तू आईसाठी आणलेलं मी तिला दिलं नाही, आणि दिलं म्हणून तुला सांगितलं. माझं चुकलं. मला माफ कर."